कित्त्याच्या सतरा चिठ्ठ्या

१

किणीकर मास्तरांच्या खोक्यातून एकच शब्द नाहीसा झाला होता, आणि तो नेमका तोच शब्द होता ज्यासाठी मास्तरांना सोमवारी सांगलीला साक्ष द्यायला जायचं होतं.

त्र्यंबकपंत किणीकर साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ राहत. शिक्षकांच्या ट्रेनिंग शाळेतून ते निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली होती. शाळेत बोलले जाणारे शब्द गोळा करायचा नाद मात्र त्याहून जुना. धडा, पाटी, खर्डा, इयत्ता, कित्ता... प्रत्येक शब्दाचे अर्थ, तो कुठून आला, आणि जुन्या कागदांत कसा वापरलाय त्याचा एकेक नमुना, असं सगळं ते पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर लिहीत. एका शब्दाच्या चिठ्ठ्यांना एक दोरा. अशा तीनशेवर जुड्या सागवानी खोक्यात उभ्या लावलेल्या होत्या.

१९४९ सालच्या डिसेंबरातला गुरुवार. मास्तरांची मुलगी शालूताई मुलींच्या शाळेत शिकवायची आणि सकाळी तासभर वडिलांच्या चिठ्ठ्या सुवाच्य उतरवून काढायची. तिनं 'कित्ता' काढायला खोक्यात हात घातला आणि हात रिकामा बाहेर आला.

"अप्पा, कित्त्याची जुडी कुठंय?"

मास्तर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. "नाही का? मग गेली असेल कुठंतरी."

"सतरा चिठ्ठ्या होत्या! सांगलीच्या साहेबांनी सोमवारी त्याच घेऊन यायला सांगितलंय."

"शालू, जाऊ दे."

शालूताईनं ते जाऊ दिलं नाही. तिनं पायात चपला सरकवल्या आणि ती थेट लालासाहेब मोहित्यांकडे गेली.

२

लालासाहेब हा मास्तरांचा जुना विद्यार्थी, मूळचा कडेगावकडचा. घरचे दोन भाऊ उसात, हा पलटणीत. लढाईच्या काळात पलटणीच्या सेन्सॉर कचेरीत त्याचं काम एकच होतं: शिपायांची मराठी पत्रं वाचायची आणि शत्रूला उपयोगी पडेल असा मजकूर पात्यानं कापून काढायचा. चार वर्षांत त्यानं हजारो पत्रं वाचली. मोडी, बाळबोध, सगळी वळणं. कोण खरं लिहितोय, कोण घरच्यांना धीर द्यायला खोटं लिहितोय, हे त्याला ओळीवरून कळे. परत आल्यावर तो वकिलांना जुने कागद वाचून द्यायचं काम करी, आणि अवघड हस्ताक्षराचा गुंता पडला की फौजदारसुद्धा त्याला बोलावी.

"भांडन काय हाय ते आधी सांगा, ताई," तो म्हणाला.

शालूताईनं सांगितलं. जतच्या बाजूला हुलगेवाडी नावाची धनगरांची चाळीस घरांची वस्ती. वस्तीला एक विहीर आणि भोवतीचं माळरान. संस्थान विलीन झालं, दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि गावच्या इनामदारांचे वारस बाळासो यांनी ती विहीर आपली म्हणून अर्ज केला. तिथं इंजिन बसवून त्यांना बागायत करायची होती. धनगरांचा म्होरक्या बिराप्पा यानं आपल्या त्याच नावाच्या खापरपणज्याचा, शके १७६१चा, शिक्क्याचा एक मोडी कागद पुढं केला. कागदाचा खालचा भाग वाळवीनं खाल्लेला. वर एवढंच उरलं होतं: 'बिराप्पा मेंढका हुलगेवाडीकर यास कित्ता १ दिल्हा असे.'

"कित्ता म्हणजे जमिनीचा तुकडा," शालूताई म्हणाली. "जुन्या कागदांत तो अर्थ आहे. पण बाळासोंचे वकील म्हणतात, कित्ता म्हणजे मुलांना गिरवायला देतात तो. इनामदारांच्या ओसरीवर पंतोजीची शाळा होती, तेव्हा धनगराच्या पोराला अक्षराचा कित्ता दिला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून अर्जाची सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अप्पांना बोलावलंय. अप्पा सांगतील तो अर्थ ते धरणार."

"आणि बिराप्पाचा कागद कुठं हाय?"

"आमच्याकडेच. त्याच खोक्यात, पत्र्याच्या नळकांड्यात. तो आहे जागेवर."

लालासाहेब टोपी घालता घालता थांबला. "कागद हाय आन् चिठ्ठ्या न्हाईत?"

३

आदल्या दिवशी, बुधवारी, घरात बाहेरची तीन माणसं होती.

पहिले नानासो, सांगलीच्या एका छापखान्याचे माणूस. मास्तरांचं पुस्तक छापायची त्यांची दोन वर्षांची खटपट होती. ते अजून साताऱ्यातच उतरले होते. लालासाहेबानं विचारल्यावर ते आधी रागावले, मग नरमले.

"खोक्यात हात घातला मी, नाही म्हणत नाही. मास्तर आत गेले होते. म्हटलं, काम कितपत झालंय बघावं. 'क' काढायला गेलो तर सापडेना. धुळाक्षरानंतर पाटी, पाटीनंतर आणखी काही. डोकं चालेना, ठेवून दिलं."

"क च्या जागी क नव्हता?"

"कशाच्याच जागी काही नव्हतं हो! असलं पुस्तक छापायचं म्हणजे मला आधी ते लावून घ्यावं लागणार."

दुसरा बिराप्पा. तो मास्तरांना सोमवारी सांगलीला घेऊन जायचं म्हणून आठवडाभर आधीच आला होता आणि मास्तरांच्याच पडवीत घोंगडं अंथरून राहिला होता. साठीचा, उंच, बोलायला सावकाश.

"कागुद गेला का, यप्पा?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"कागद हाय. मास्तरांच्या चिठ्ठ्या गेल्या."

"मंग हाय की." त्याला हायसं वाटलं. "म्या तर बगितलं बी न्हाई त्या खोक्याकडं. मला वाचाया कुटं येतंय? आवं, उनाळ्यात आमच्याकडं दुसरं पानी चार कोसावर. मानूस जाईल चालत. मेंढरू न्हाई जाणार."

तिसरे बाळासो. ते पाऊण तास बसले आणि दुपारच्या मोटारीनं सांगलीला परतले. शालूताईला संशय होता तो त्यांचाच.

"आमच्यासमोर गोड बोलले, अप्पांच्या पाया पडले. मी चहा करायला आत गेले तेवढ्यात..."

"काय बोलनं झालं?"

"म्हणाले, मी पाचगणीला इंग्रजी शाळेत वाढलो, मला मोडी येत नाही, आमच्या घरचे जुने कागद मी उघडलेसुद्धा नाहीत. तुम्ही मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या दप्तरातून शब्द उतरवून नेले होते असं वडील सांगायचे. तेवढंच. मग अप्पा गप्प झाले."

लालासाहेबानं सैपाकघराकडे पाहिलं. रंगूबाई, घरात वीस वर्षं काम करणारी बाई, भाकऱ्या थापत होती.

"रंगूबाई, काल मास्तर कसं हुतं?"

"दुपारी ताटावर बसलं न्हाईत. म्हनले, उपास हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बुधवारी कसला उपास, दादा? माझ्या देकत त्यांनी बुधवार कवा धरला न्हाई."

४

लालासाहेबानं खोकं पुढं ओढलं आणि जुड्या पहिल्यापासून पाहत गेला. धुळाक्षर, पाटी, लेखण, मग एक बोटभर फट, मग उजळणी, धडा, खर्डा.

"ही कसली ओळ, ताई?"

"अप्पांची स्वतःची. मूल शाळेत गेल्यावर जो शब्द आधी ऐकतं तो आधी. आधी धुळीत बोट, मग पाटी, मग लेखण, मग कित्ता. ही ओळ अप्पांना आणि मला..." ती बोलता बोलता थांबली.

"व्हय," लालासाहेब हळूच म्हणाला. "तुमाला आन् मास्तरांना. नानासोंना क सापडला न्हाई. बाळासोंनी घाईत हात घातला असता तर निम्मं खोकं इस्कटलं असतं. इथं आजूबाजूची एक जुडी हललेली न्हाई. आन् आनखी बगा. बाळासोंनी न्यायचं तर कागद न्यावा. कागद गेला की बिराप्पाचा दावाच गेला. चोरानं कागद हाताशी असून सोडला आन् चिठ्ठ्या नेल्या. म्हंजे त्याला कागद ऱ्हायला पायजे हुता. त्याला भ्या हुतं ते चिठ्ठ्यांचं."

शालूताईचा चेहरा उतरला. "तुम्ही माझ्यावर..."

"तुमी चोरी केली असती तर मला बोलवाया आला नसता."

माजघरातून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

५

"मास्तर, सतरा चिठ्ठ्यांवर काय काय हुतं, सांगता का?" लालासाहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. शाळेतही तो असाच बसे.

मास्तरांनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. शब्द अरबी, किता. मूळ अर्थ कापलेला तुकडा. सुलेखनकार कागदाच्या एका तुकड्यावर सुंदर अक्षर काढून देत, तोही किता. तेच वळण पुढं पोरं गिरवू लागली. कापून वेगळा केलेला जमिनीचा तुकडा, तोही किता. वाईच्या एका कागदात असा, कऱ्हाडच्या दोन कागदांत असा. साल, तिथी, लिहिणाराचं नाव, सगळं न अडखळता. लालासाहेब बोटांवर मोजत होता.

"सोळा झाल्या, मास्तर."

"असतील सोळाच."

"तुमी वीस वर्सांमागं शिकवलेल्या वर्गातल्या पोरांची नावं हजेरीच्या ओळीनं सांगता."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. शालूताई दारात उभी होती. शेवटी ते उठले, देवघराशेजारच्या सोवळ्याच्या पेटीतून त्यांनी दोऱ्याची जुडी आणली आणि लालासाहेबाच्या हातात दिली.

"बंबात घालायला नेल्या होत्या. घालवेनात."

"अप्पा!" शालूताई म्हणाली.

"बाळासो बोलले तेव्हा आठवलं मला. तोवर खरंच विसरलो होतो. ते गेल्यावर जुडी काढून वाचली." त्यांनी सतरावी चिठ्ठी ओढून वर ठेवली. "हे त्यांच्याच दप्तरातलं. शके १७६२. वाच."

लालासाहेबानं वाचलं: '...त्याचे लेकास पंतोजीकडून कित्ता १ दिल्हा.' खाली मास्तरांची टीप होती, 'हुलगेवाडीच्या बिराप्पा मेंढक्याचा मुलगा. गिरवण्याचा नमुना, निःसंशय.'

"म्हणजे वकील म्हणतात ते खरं," मास्तर म्हणाले. "त्या घराण्यात असे कित्ते देत, आणि तशी नोंदही करत. त्याच कुटुंबाला. तेच शब्द. ही चिठ्ठी साहेबांसमोर ठेवली तर बिराप्पाचा कागद म्हणजे पोराचा गिरवायचा कागद ठरतो. एकच काढली असती तर शालूला कळलं असतं, ती आकडे लावते. म्हणून सगळ्याच काढल्या. म्हटलं, हरवल्या म्हणू आणि तोंडी सांगू." त्यांनी पडवीकडे पाहिलं. "तो माणूस चार दिवस माझ्या पडवीत झोपतोय, लालासाहेब. मला मास्तर म्हणत नाही, देवा म्हणतो. आणि मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, पुरावा लपवणारा विद्वान नव्हे."

६

लालासाहेबानं चिठ्ठी उजेडाकडे धरली.

"मास्तर, हे सुरवातीचे तीन ठिपके कसले?"

"वाक्याचा आधीचा भाग. मला शाळेतला अर्थ हवा होता. लागेल तेवढंच उतरवलं."

"आधी काय हुतं?"

"पंचवीस वर्षं झाली. नाही आठवत."

लालासाहेबानं चिठ्ठी खाली ठेवली. "इटलीत असताना खटावकडचा एक शिपाई हुता. त्यानं बायकोला लिवलं, 'आमी फुडल्या आठवड्यात अमक्या गावाला जानार, तिथं टपाल न्हाई, म्हनून महिनाभर पत्र येनार न्हाई, काळजी करू नगंस.' गाव आन् आठवडा कापायचा नियम. म्या पातं जरा लांबवर फिरवलं. घाई हुती. घरी पोचलं ते एवढंच, 'पत्र येनार न्हाई.' ती बाई दीड महिना अंथरुनाला खिळली. तो परत आल्यावर मला भेटला. भांडला न्हाई. नुसतं इचारलं, मोहिते, बाकीचं कुटं गेलं?"

लालासाहेबानं चिठ्ठीवरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"ते ठिपके बगितले आन् मला तेच आठवलं. मी सांगलीला जातो. ते दप्तर अजून हाय."

"आणि पुढच्या भागात आणखी वाईट निघालं तर?" शालूताईनं विचारलं.

"तर वाईट. पन पुरतं कळंल."

रविवारी सकाळी तो बाळासोंच्या सांगलीतल्या घरी पोचला. त्यानं काहीही आडवळणानं सांगितलं नाही. मास्तरांना तुमच्या दप्तरातली एक ओळ सापडलीय, ती अर्धी तुमच्या बाजूची आहे, उरलेली अर्धी कुणाच्या बाजूची ते मला माहीत नाही. दप्तर दाखवता का?

बाळासो तिशीचे, नीटनेटके. त्यांनी थोडा विचार केला. "अर्धी माझ्या बाजूची आहे म्हणता, मग मी का नाही म्हणू?" त्यांनी माळ्यावरून तीन रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, काढवले. लाल कापडात बांधलेले, पंचवीस वर्षांत न सुटलेले.

शके १७६२चा रुमाल दुसरा निघाला. लालासाहेब खिडकीच्या उजेडात एकेक बंद, म्हणजे दुमडलेला कागद, उलटत गेला. दुपारी दोनच्या सुमाराला त्याचं बोट थांबलं.

"मोठ्यानं वाचा," बाळासो म्हणाले.

लालासाहेबानं वाचलं: "'विहिरीचा कित्ता साल गुदस्तां बिराप्पा मेंढका यास दिल्हा, तेथें त्याणें वस्ती करून आवादानी केली, सबब त्याचे लेकास पंतोजीकडून कित्ता १ दिल्हा.'"

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

"साल गुदस्तां म्हणजे?"

"गेल्या साली. शके १७६१. बिराप्पाच्या कागदाचं साल." लालासाहेबानं बंद त्यांच्यापुढं सरकवला. "एकाच ओळीत दोन कित्ते हायत, बाळासो. पैला जमिनीचा, बापाला. दुसरा अक्षराचा, पोराला. तुमच्या पनज्यानं वस्ती बसवली, ती आबाद झाली, आन् बसलेल्या मानसाचं पोर शिकावं म्हनून त्याला शाळंत घातलं."

बाळासोंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. "मी हा बंद आता पेटवला तर?"

"तर म्या वाचलेलं खरंच ऱ्हाईल, पन दाखवाया काय ऱ्हानार न्हाई. मास्तर उद्या सतरावी चिठ्ठी ठेवनार, आन् तुमी जिंकाल." लालासाहेब उठला. "मला तुमाला अडवता यायचं न्हाई. घर तुमचं, कागद तुमचा."

तो जिना उतरून रस्त्यावर आला. मागून हाक आली नाही.

७

सोमवारी सुनावणीच्या खोलीत बिराप्पा भिंतीला टेकून उभा होता. वस्तीवरची पाच-सहा माणसं बाहेर बसली होती. साहेब म्हणजे एक मध्यमवयीन, कमी बोलणारे अधिकारी होते.

मास्तरांनी सतराही चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. मग त्यांनी, कुणी विचारलं नसताना, सगळं सांगितलं. शेवटची चिठ्ठी आपण लपवली होती. त्याआधी, पंचवीस वर्षांपूर्वी, तिच्यातलं वाक्य आपण कापलं होतं. आणि कापण्याची चूक लपवण्याहून मोठी, कारण तिच्यामुळं आपण स्वतःही फसलो, हे काल लालासाहेबानं पूर्ण ओळ वाचल्यावर कळलं.

खोलीत कुजबुज झाली. मागं बसलेल्या नानासोंनी खाली पाहिलं. बाळासोंचे वकील चटकन उठले. "साक्षीदार स्वतः कबूल करतात की त्यांनी पुरावा दडवला! आणि त्यांच्याच चिठ्ठीत कित्ता म्हणजे गिरवायचा कागद आहे. वाक्याचा आधीचा भाग काय होता, याला काय पुरावा?"

"पुरावा न्हाई," लालासाहेब म्हणाला. "म्या वाचलाय, एवढंच."

साहेबांनी दौतीत टाक बुडवला. बिराप्पा एकदा मास्तरांकडे, एकदा वकिलांकडे पाहत होता; यातलं नेमकं कोण आपल्या बाजूचं, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

तेव्हा बाळासो उठले. वकिलांनी त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवली. काखेतला लाल रुमाल त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवून उघडला.

"मला हे वाचता येत नाही," ते म्हणाले. "काल वाचून घेतलं ते विरुद्ध बाजूच्या माणसाकडून. म्हणून आज सकाळी बाजारातल्या दुसऱ्या एका जुन्या कारकुनाकडून पुन्हा वाचून घेतलं. त्यानंही तेच वाचलं." ते बिराप्पाकडे वळले. "माझ्या पणजोबांनी दिलेलं मी परत मागत होतो, हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

साहेबांनी आपल्या दप्तरी कारकुनाकडून तिसऱ्यांदा ती ओळ वाचून घेतली, मग निकाल लिहायला घेतला. विहीर आणि तिच्याभोवतीचा कित्ता हुलगेवाडीच्या वस्तीचा, असं त्यात होतं.

बाहेर आल्यावर बिराप्पा मास्तरांच्या पाया पडायला वाकला. मास्तरांनी त्याला मध्येच धरलं.

"मला देवा म्हणू नकोस. आत ऐकलंस ना मी काय केलं ते?"

"ऐकलं की," बिराप्पा म्हणाला. "आमच्यासाटी लपिवलं. आन् मंग आमच्यासाटीच दाकिवलं."

"दाखवलं ते तुझ्यासाठी नाही."

बिराप्पाला हा फरक फारसा कळला नाही. तो हसला.

नानासोंनी पंधरा दिवसांनी पत्र पाठवून पुस्तकातून अंग काढून घेतलं. साक्षीचा बोभाटा झाला होता. मास्तरांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि शालूताईला म्हणाले की ज्या ज्या चिठ्ठीवर तीन ठिपके आहेत त्या सगळ्या वेगळ्या काढ. दोनशे अकरा निघाल्या. मूळ कागद पुन्हा पाहायचे तर वाई, कऱ्हाड, फलटण, कितीतरी घरं पालथी घालावी लागणार होती. मास्तरांचं वय सदुसष्ट होतं.

"कुठून सुरुवात करायची?" शालूताईनं विचारलं.

"हुलगेवाडीहून. तिथं कागद नाही, पण मी त्या जागेबद्दल दोन दिवस खोटं बोलत होतो आणि ती जागा मी पाहिलेलीही नाही."

जानेवारीत दोघं गेले, लालासाहेब बरोबर होता. बिराप्पानं त्यांना विहिरीचं पाणी दिलं, ज्वारीची भाकरी दिली. मग मास्तरांनी विचारलं की कित्ता म्हणजे नेमका कुठून कुठवर. बिराप्पानं काठीनं लांबवर एक बाभूळ दाखवली, मग दुसरीकडे दगडाची एक रास.

"असं हातानं दावून कळायचं न्हाई, देवा. चालाय लागंल."

ऊन चढायला लागलं होतं. मास्तरांचे गुडघे दुखत होते, पण ते बिराप्पाच्या मागून निघाले, आणि हद्दीवरच्या प्रत्येक दगडापाशी जाऊन आले.